पुढच्या वर्षीचे बूट

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, त्याचा सगळ्यांत मोठा फायदा कोणाला झाला असेल तर तो मला. राजधानी भोपाळला होती तोवर स्केटिंगच्या फिगर प्रकारात माझी निवड होण्याचा प्रश्नच नव्हता. तिकडे इंदूर-जबलपूरच्या मुली होत्या. त्यांना चाकांवर उलटं जाता येत होतं, एका पायावर वाकता येत होतं, आणि एवढं करूनही त्यांच्या वेण्या सुटत नसत. राज्य वेगळं झालं आणि त्या सगळ्या मुली सीमेपलीकडे राहिल्या. नव्या राज्याच्या पहिल्या स्पर्धेत माझ्या वयोगटात या प्रकारात नाव दिलेली मी एकटीच निघाले. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे तर वासरंही नव्हती. मी पडले, उठले, संगीत संपल्यावरही थोडा वेळ फिरत राहिले आणि सुवर्णपदक घेऊन घरी आले. आईनं पेढे वाटले. शाळेत मी सांगितलं की मी राज्यात पहिली आले. कितींत पहिली, असं कोणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

फिगर स्केटिंग म्हटलं की लोकांना बर्फ आठवतो. रायपुरात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. आमचं सगळं चाकांवर चालायचं, पाण्याच्या टाकीजवळच्या एका सिमेंटच्या रिंकवर. टाचेचे उंच बूट, त्यांच्या तळाला चार चाकं आणि पुढे थांबण्यासाठी रबराचा गट्टू. रिंकवर रंगानं मोठाले गोल काढलेले असत आणि त्यांच्या रेघेवरून न ढळता जायचं असे. मी ढळायची. बाहेर रस्ते खोदलेले, जुन्या पाट्यांवर नव्या राज्याचं नाव रंगवणं चाललेलं, लाल दिव्याच्या गाड्या धूळ उडवत जाऊन राहिलेल्या, आणि आत त्या धुळीच्या थरावर मी गोल फिरते आहे, असं ते वर्ष मला आठवतं.

बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते. मूळचे वर्ध्याकडचे. आमच्या घरात कुठलीही वस्तू आजच्यासाठी घेतली जात नसे. सगळं वाढत्या अंगाचं. फ्रॉकला आतून इतकी पट्टी दुमडलेली असे की त्यात आणखी एक फ्रॉक झाला असता. चपला घेतल्या की टाचेमागे चपलेचं अंगण उरायचं. बाकीचे लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. आमच्याकडे पाय उद्या लांब होतील म्हणून अंथरूणच मोठं आणत. माझे पहिले स्केट गोल बाजारातले होते, कापडी बुटांवर बांधायचे, लोखंडी, चावी फिरवली की लांब होणारे. बाबांना आयुष्यात मनापासून आवडलेली ती एकच खेळाची वस्तू असेल. दुसरे बूट आले ते अर्थातच मोठे आले. पुढच्या बोटांशी कापूस कोंबून मी ते वापरले. ते पायाला बरोबर बसायला लागले तोवर त्यांचं चामडं घोट्याशी मऊ पडून दुमडायला लागलं होतं आणि एका बाजूची शिवण उसवली होती. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूचं हेच नशीब. अंगाला बरोबर येण्याचा दिवस आणि फाटण्याचा दिवस एकच.

दुसऱ्या वर्षीच्या स्पर्धेआधी सरांनी मला समोर उभं केलं. सर मूळचे शर्यतीच्या स्केटिंगचे. फिगर ते स्वतःच सीडी लावून शिकत आणि मग आम्हाला शिकवत. ते म्हणाले, "पिछले साल तू अकेली थी, चल गया. इस साल छलांग होनी चाहिए. नहीं तो बाहर भेजने में मुझे शरम आएगी."

ही छलांग म्हणजे अर्ध्या गिरकीची उडी. पुढे जाता जाता डाव्या पायावरून उडायचं, हवेत वळायचं आणि उजव्या पायावर उतरून उलटं जात राहायचं. सगळ्यांत सोपी उडी ती. मला ती कधी यायची, कधी यायची नाही, आणि जेव्हा यायची तेव्हा रिंकवर नेमकं कोणी नसे. त्या वर्षी मला बाकी काही नको होतं. चार लोकांसमोर ती उडी एकदा मारायची आणि उभं राहायचं, एवढंच. पदक मिळालेलं होतं, पण मी काही केलेलं नव्हतं, हे मला पेढे खातानाही माहीत होतं.

उडी चुकायची त्याचा दोष मी बुटांना दिला. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण माझ्यासाठीच झाली असावी. पण या वेळी अंगण थोडंसं वाकडं होतंही, कारण सरांनीच सांगितलं की आता बूट बदला. त्यांनी घरी येऊन बाबांना नीट समजावलं होतं. बूट खेळणाऱ्याच्या तयारीइतकाच कडक हवा. अर्ध्या गिरकीवाल्याला घोट्याशी वाकणारा लागतो. दोन गिरक्या मारणारे वरून जोरात आदळतात, त्यांना फळीसारखा कडक लागतो. तुमच्या मुलीला मधला घ्या, असं ते म्हणाले. बाबांनी मान डोलावली. मान डोलावताना ते मनात काय जोडत होते ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

असले बूट रायपुरात मिळत नव्हते. नागपूरचे काका दुकानात उभे राहिले आणि तिथून त्यांनी आमच्या घरी फोन लावला. माझ्या पायाचं चित्र आधीच कागदावर काढून पाठवलं होतं. बाबांनी पेन्सिल अशी तिरपी धरली होती की ते चित्र माझ्यापेक्षा आईच्या पायाचं वाटत होतं. दुकानदारानं विचारलं, मुलगी किती गिरक्यांची आहे? बाबांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "पुढच्या वर्षी दोन गिरक्या मारशील ना तू?"

मी अर्धी गिरकी तीनदा केली तर एकदा उभी राहत होते. मी म्हटलं, "हो."

"मंग पुढचेच घेऊन घेऊ," बाबा म्हणाले. "दरवर्षी काय बूट घेत राहाचं?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अन् सर तर मधले म्हणून राहिले होते."

"सर आजचं सांगून राहिले. पोट्टी काय आजचीच राहते?"

अशा रीतीनं माझ्या पायालाच नाही, माझ्या अंगच्या गुणालाही वाढत्या मापाचं घेतलं गेलं. पाय निदान वाढायचा.

बूट आले ते पांढरे शुभ्र, टाचदार, इतके देखणे की आईनं त्यांना हळदकुंकू लावलं. मी पाय घातला, तो आत गेला आणि आतच हरवला. कापूस झाला, दोन मोजे झाले, वरून बाबांचा लोकरी मोजा झाला, तेव्हा कुठे पायाला बुटाची भेट झाली. पण खरी गंमत घोट्यात होती. उडी मारायची तर आधी गुडघा वाकवायचा आणि गुडघा वाकायचा तर घोटा वाकायला हवा. हे बूट वाकतच नव्हते. मी वाकायला गेले की अख्खीच्या अख्खी पुढे कलायची, पोस्टाची पेटी कलावी तशी. रिंकवरची लहान मुलं रांगेनं बसून पाहत. सरांनी खाली बसून घोट्याशी अंगठा दाबून पाहिला. चामडं जराही दबलं नाही.

"बेटा," ते म्हणाले, "ये तुझसे अच्छे स्केटर का जूता है."

बाबांना मी हे घरी सांगितलं, अर्थात थोडं मऊ करून. ते म्हणाले, "वापरून पाह्य, नरम होतीन." त्यांनी बुटांना खोबरेल तेल लावलं, उन्हात ठेवलं, पुन्हा लावलं. चाकं काढून मी ते घालून घरभर फिरले, भाजी निवडली, अभ्यास केला. बुटांना खोबऱ्याचा वास आला, बाकी काही झालं नाही. ते बूट अजून माझ्याकडे आहेत. आता मी दोन मुलांची आई आहे आणि आजही ते मला जरासे मोठेच होतात.

स्पर्धा जवळ आली तेव्हा बातमी आली की या वर्षी भिलाईहून एका मुलीनं नाव दिलं आहे. माझी चांगलीच तंतरली. राज्यात पहिली येण्याची माझी जी पद्धत होती तिच्यात दुसऱ्या मुलीची सोयच नव्हती. सरांना मी विचारलं, ती कशी आहे? सर म्हणाले, "तू अपनी छलांग देख." आणि जाता जाता म्हणाले, "पुराने जूते भी लेते आना."

स्पर्धेच्या दिवशी बाबांनी रजा घेतली. ते रिंकवर कधी आले नव्हते. मला नेण्या-आणण्याचं काम आईचं. आज आईला घरी पाहुणे होते म्हणून स्कूटरवर बाबा. ते पुढच्या खुर्चीत बसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला बुटांची माहिती देऊ लागले. भिलाईची मुलगी माझ्यापेक्षा लहान होती. तिचे बूट तपकिरी, नाकाशी खरवडलेले, एका नाडीला गाठ मारलेली. ती सरळ माझ्याजवळ आली.

"दीदी, आपके जूते कितने सुंदर हैं."

"तुम छलांग मारती हो?" मी विचारलं.

"हव," ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे पूर्ण एक गिरकी मारून उतरली, जणू पायरीवरून खाली आली. तिचा बूट घोट्याशी तिच्या कातडीसारखा वाकला होता.

सरावाच्या वेळेत मी नव्या बुटांत उडी मारायला गेले आणि बाबांच्या खुर्चीसमोरच बसकण मारली. लोक हसले. मी उठून कडेला गेले, बाकावर बसले आणि नाड्या सोडायला लागले. बाबा उठून आले.

"काहून काढून राहिली?"

"यात वाकता येत नाही, बाबा."

"नवीन आहेत ना थे."

"नवीन म्हणून नाही. माझ्यासाठी नाहीत हे. मला यात उडी मारता येत नाही, आणि मला आज ती मारायची आहे."

बाबांशी इतकं सरळ मी कधी बोलले नव्हते. मला वाटलं आता ते रागावतील. त्यांनी एक बूट हातात घेतला, आत हात घातला आणि कापूस बाहेर काढला. तो निघतच राहिला. उशीएवढा नाही, पण बाहुलीच्या उशीएवढा नक्कीच. तो त्यांनी खिशात कोंबला. मग पिशवीतले जुने बूट काढून माझ्यासमोर ठेवले.

"हे तर उसवले," ते म्हणाले. मग म्हणाले, "बांध लौकर. नाव घेतीन तुहं."

माझं नाव आधी पुकारलं. काय काय केलं ते मला आठवत नाही. गोल फिरले, उलटी गेले, एक गिरकी अर्धवट सोडली. उडीची जागा आली तेव्हा गुडघा वाकला, घोटा वाकला, उसवलेली शिवण आणखी फाटलेली ऐकू आली, आणि मी वर गेले. खाली आले ती उजव्या पायावर. दोन्ही हात दोन्हीकडे हवेत मारत, जीभ बाहेर काढून, पण उभी. उलटी जात जात मी पार कठड्याला पाठ टेकेपर्यंत गेले, कारण थांबायचं असतं हे विसरले होते.

मग भिलाईच्या मुलीनं तिचं केलं. तिची वेणी सुटली नाही. तिनं एक गिरकी मारली, मग दुसऱ्या उडीत आणखी एक. तिच्या नंबराबद्दल कोणाला शंका राहिली नाही, मलाही नाही. राज्याबाहेरच्या स्पर्धेला फक्त पहिली आलेलीच जाणार होती. माझ्या गळ्यात रुपेरी पदक आलं आणि मी रडायला लागले. मागच्या वर्षी मी दोनदा पडूनही हसत घरी गेले होते. हरायला समोर कोणीतरी लागतं, ते मला पहिल्यांदाच मिळालं होतं. ती मुलगी गोंधळून म्हणाली, "दीदी, गिर गई थीं क्या?" मी नाही म्हटलं. खरंच पडले नव्हते.

परत येताना मी स्कूटरवर बाबांच्या मागे बसले. नवे बूट माझ्या मांडीवर होते आणि धुळीत डोळे बारीक करून मी उत्तर तयार करत होते. राज्यात दुसरी. ऐकायला वाईट नव्हतं. पाहुणे अजून गेलेले नसतील, तर त्यांच्यासमोर तेवढंच सांगायचं.

दारात आई, मागे पाहुणे. आईनं विचारलं, "काय झालं? कितवी आली?"

मी तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले. "दोघीच होत्या," ते म्हणाले. "दुसरी आली."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण बाबांचं संपलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढली, ओट्यावर एका पायावर उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"अशी पुढं तोंड करून गेली, अन् हवेतच फिरली, अन् उतरली थे मागं तोंड करून. एका पायावर." त्यांचा तोल गेला, त्यांनी चौकट धरली. पाहुणे हसले, आई हसली. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते, अगदी नवख्या माणसाकडे पाहावं तसं.

"एवढं येते इले," ते आईला म्हणाले, "मले माहीतच नव्हतं."