धरणगावचं कार्ड

धुळ्यात एचआयव्हीच्या तपासणी केंद्रावर मी समुपदेशक होते. तिथे दीडशहाण्यांची कमतरता कधी पडली नाही, पण त्या दिवशी पहिली दीडशहाणी मीच निघाले. सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आलेल्या एका सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, रोगाशी लढणाऱ्या सीडीफोर पेशी तीनशे दहा. साडेतीनशेच्या खाली म्हणजे उशिरा निदान, हे मला पाठ. तसं लिहून कागद तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सासू, नवरा, सून तिघं हजर. कागद सासूच्या मुठीत.

"उशिरा म्हंजे जुनं. लगीनना पहिलेनं," सासू म्हणाली. "हाई बठ्ठं इन्हा माहेरनं शे."

सगळं खापर माहेरावर फोडून सुनेला तिकडे धाडायचं आणि बाळ ठेवून घ्यायचं, हे घरात ठरूनही गेलं होतं. सून नुसती रडत होती. नवरोबा मोबाइलमध्ये डोकं घालून उभे.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे गरोदरपणातली तपासणीही तिकडेच. धुळ्यात तिचा त्या तपासणीचा एकही कागद नव्हता आणि मी विचारलंही नव्हतं. तिच्या भावाला फोन केला. दुपारी तो माहेरहून, धरणगावहून, तिचं गरोदरपणाचं कार्ड घेऊन आला. आठव्या महिन्यात एचआयव्ही निगेटिव्ह. म्हणजे लागण त्यानंतरची, सासरची. नव्या लागणीतही पेशी काही दिवस खाली येतात, नुसत्या आकड्यावरून उशीर ठरत नाही. हे प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा मी बहुतेक समोसा खात असेन. माझं लिहिणं मीच खोडलं आणि नवऱ्याचं आणि बाळाचं रक्त घ्यायला लावलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. बाळ निगेटिव्ह, तेवढं देवाने ऐकलं. नवरा पॉझिटिव्ह, पेशी नव्वद. लग्नाआधी त्याच्या अंगावर नागीण उठली होती म्हणे, म्हणजे प्रतिकारशक्ती तेव्हाच घटलेली. तेव्हा गेरू फासला आणि मांडवात उभा राहिला. उशिरा निदान याचं होतं. आईला त्याने स्वतःच सांगितलं, खाली बघत.

सासूबाई मग मला म्हणतात, "मंग इले घर लई जाऊ ना? याले देखाले कोनी पाहिजे."

मला किळस आली. सुनेने बाळ उचललं, कार्ड पिशवीत घातलं.

"गोळ्या टाइमवर ल्या," ती नवऱ्याला म्हणाली. "मी धरणगावले जास. बाळले लईसन."