'एस्क्वेला' रंगवलेला टेम्पो

भाऊंच्या टेम्पोमागे 'एस्क्वेला' असं रंगवलंय. लेकीचं नाव असेल म्हणून लोक विचारतात, "थोरली का धाकटी, भाऊ?" मग ते लई खूश. "स्पेनमधी शाळेला म्हणत्यात, राव! पुतण्या हाय तिकडं. नाचाची असू दे, गाडीची असू दे, समदी एस्क्वेलाच. ठेचकाळत शिकलं तरी बी एस्क्वेला!"

बाजाराच्या दिवशी ते बेल्ह्याला बैल पोचवतात. एरवी बाजाराच्या मोकळ्या मैदानात आम्हा निमगाव साव्याच्या बायकांना टेम्पो शिकवतात. ओरडत नाहीत. गिअर खरवडला की टेम्पोलाच समजावतात, "उगी उगी, बाई नवी हाय."

माझं लायसन आलं, तरी रस्त्यावर एकटीनं टेम्पो काढायची छाती होईना. परवा मैदानात फेरी मारून झाली आणि ते एकदम खाली उतरले. वाटलं, माझंच काही चुकलं. तर ते मागे हौद्यात चढले आणि उरलेल्या कडब्यावर ऐसपैस बसले.

"आता मी बैल. निमगावला न्या, ताई."

अर्ध्या रस्त्यात मी धीर करून मागच्या काचेतून पाहिलं. बैल गाढ झोपला होता.