ऐकू येत नाही, एवढंच सांगायचं होतं

डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी स्पष्ट होता. "अम्मा, नहीं रहे." बाकावर माझ्या शेजारी नात मनू बसली होती, तिनं माझा हात धरला. मला रडू आलं नाही. भीती वाटली. वाटलं, आता डॉक्टर विचारतील, दोन दिवसांपूर्वी पेशंटला आणलं होतं तेव्हा काय झालं... आणि मला सांगावं लागेल. कोणी विचारलं नाही. दीड महिना होऊन गेला, अजून विचारलेलं नाही. म्हणून मीच लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. शुद्धलेखन मनूनं बघितलं आहे, मजकुराला हात लावायचा नाही असं तिला बजावलं आहे.

श्रावणजी, माझे यजमान, भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याघरचे. लग्नाआधीच भिलाईला आले आणि पोलादाच्या कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये लागले. तापट होते. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवून उठायचे. गेले म्हणून मी त्यांना देव करणार नाही. पण कामात पक्के होते आणि मिलचा त्यांना गर्व होता. तिथल्या आवाजात पंधरा-वीस वर्षांत त्यांचे कान गेले. कानात घालायचे बोळे मिळत, ते हे खिशात ठेवत. सेक्टर दहाला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एकदा कुकर शिट्ट्या मारून मारून करपला आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते, तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "डाक्टरले दाखवा." तर म्हणाले, "दाखवलं का लिहून घेतात. लिहिलं का मिलमधून काढून स्टोअरमधी बसवतात. तू चूप राय." स्टोअरमध्ये बसवलेल्या एका बहिऱ्या माणसाला बाकीचे मागून शिव्या द्यायचे आणि त्याला कळलं नाही की हसायचे. त्या हसणाऱ्यांत हेही असत.

वर्षाच्या तपासणीला काचेच्या खोलीत बसवत, कानाला यंत्र लावत आणि आवाज आला की बटण दाबायला सांगत. हे काचेतून तपासणाऱ्याच्या हाताकडे बघायचे. त्याचं बोट हललं की आपलं बटण दाबायचे. पास व्हायचे. घरी येऊन हे मोठ्या खुशीत सांगायचे, मला मात्र हसू येत नसे. कारण मिलमध्ये तापलेलं लोखंड घेऊन क्रेन डोक्यावरून जाते, भोंगा वाजवते, खालच्यानं बाजूला व्हायचं असतं. यांना भोंगा ऐकू येत नव्हता. शिफ्ट सुटून सायकल फाटकाशी दिसेपर्यंत मी तव्यावर पोळी टाकत नसे. नाइट असली की सकाळी दुधाची पिशवी घ्यायलाही बाहेर पडत नसे, न जाणो कोणी निरोप घेऊन येईल. अशी बरीच वर्षं गेली. घरी कोणी आलं की हे मान हलवून 'हो' म्हणायचे आणि पुढचं सगळं मी बोलायचे. लोक म्हणायचे, "भाऊ शांत, भाभीच भारी बोलते." चालू दे म्हटलं. रिटायर झाल्यावर भिलाईतच रुआबांध्यात घर बांधलं, तिथेही तेच.

मनू रायपूरला विद्यापीठात शिकते. मुख्य विषय इतिहास, पण जोडीला दुसरा एक विषय घ्यावा लागतो, त्याला ती मायनर म्हणते. तिनं घेतला तो अपंग लोकांचा. त्यांच्याकडे घरचे, गावचे, कारखान्याचे लोक कसे बघतात, ते सगळं त्यात शिकवतात म्हणे. दिवाळीत आली आणि दुसऱ्याच दिवशी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आजी, आबाले ऐकू येत नाही न?"

"येते. लक्ष नसते त्यायचं."

"झूठ मत बोल आजी. मी मागून तीनदा आवाज देल्ला."

मी पीठ मळत राहिले. तिनं वही घेतली आणि यांच्यापुढे बसून मोठ्या अक्षरात लिहिलं की मला एका माणसाबद्दल दहा पानं लिहायची आहेत, तुमच्याबद्दल लिहू का? यांनी वाचलं. ते पान फाडलं, घडी करून बंडीच्या खिशात टाकलं. सत्तरी उलटलेला माणूस, नोकरी कधीच संपलेली, तरी त्यांना वाटलं की आता ऑफिसातून बोलावणं येईल.

"कागदावर नको," म्हणाले. "गल्लीतल्या दुसऱ्या कोणाचं लिही. लंगडे आहेत, आंधळे आहेत, कमी आहे का?"

मनूनं पुन्हा लिहिलं की यात लाजण्यासारखं काही नसतं, आम्हाला हेच शिकवतात.

"तुमच्या कोर्समधी लाज नसंन. मिलमधी होती."

मनूनं वही मिटली. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लपवत नाही.

सुट्टी संपून मनू परत गेली, त्यानंतर एक दिवस त्यांच्या छातीत कळ आली. फोन केला तशी मनू रायपूरहून यायला निघाली, तोवर मी रिक्षानं त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. आत एकट्या पेशंटला घेतलं. दार अर्धवट उघडं होतं. तरुण डॉक्टर, तोंडाला मास्क, कागदावर खुणा करत विचारत होता आणि हे प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते. ती मान मला चांगली ओळखू येते. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. दारात जाऊन म्हणायचं होतं, यांना ऐकू येत नाही, लिहून विचारा. मी उठलेसुद्धा. पण त्याच्या हातात पेन होतं... लिहून घेईल, असं मनात आलं आणि मी परत बसले. दुखणं आता कमी आहे का, असंही त्यानं विचारलं असणार. यांनी हो म्हटलं असणार. गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं. दोन दिवसांनी पुन्हा नेलं, ते शेवटचं. मी बोलले असते तर वाचले असते का, मला माहीत नाही. विचारायचीही भीती वाटते.

तेराव्यानंतर मी हे मनूला सांगितलं. तिनं दिवाळीतली ती वही काढली. मग म्हणाली, "आजी, आता लिहू?"

"लिही. त्यायचं लिही, माझंही लिही."

गेल्या आठवड्यात मृत्यूचा दाखला घ्यायला आम्ही नगर निगमच्या ऑफिसात गेलो. काचेमागचा बाबू कागदात बघतच काहीतरी बोलला. वर पंखा घरघरत होता. मला ऐकू आलं नाही. हल्ली मलाही कमीच येतं, मनूला ते सांगितलेलं नव्हतं आणि ती शेजारीच उभी होती. माझी मान हलायला लागली, हो म्हणून, अगदी यांच्यासारखी. मी काचेला हात टेकला.

"भैया, मेरे को सुनाई नहीं दिया. फिर से बोलो."

मनूनं वळून माझ्याकडे बघितलं. बाबूनं काही लिहून घेतलं नाही. त्यानं मान वर केली, तोंड काचेच्या भोकाशी आणलं आणि जरा मोठ्यानं विचारलं, "मरने वाले आपके कौन थे, अम्मा?"