नमुन्याची पाटी

सरकारला आमच्या हातच्या पाट्या हव्यात, हे ऐकून आई हसली होती. "सरकारला टोपलं कशाला, कांदं ठेवायला?" असं म्हणाली. पण खरंच हव्या होत्या. दुष्काळाचं साल होतं. पाथर्डीच्या बाजूला जागोजाग पाझर तलावांची कामं निघाली होती आणि माती वाहायला पाट्या लागत होत्या.

एरवी हा माल नगरचा एक व्यापारी पुरवायचा. म्हणजे कळकाचे बांबू आम्ही फोडायचो, विणायचोही आम्हीच, आणि माल जायचा त्याच्या नावानं. त्या वर्षी मात्र वरून हुकूम आला, की थोडी खरेदी कारागिरांच्या सोसायटीकडूनच करा, त्यांच्याकडून अनामतही मागू नका. आमच्या बुरूडआळीची सोसायटी होती आणि माझे वडील, आप्पा, तिचे चेअरमन. चेअरमन म्हणजे काय, तर सोसायटीचा शिक्का आमच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी.

आळीतली निम्मी माणसं तोवर खडी फोडायला गेली होती. आईनं निक्षून सांगितलं होतं, "मी न्हाई जायची. हातात इद्या हाय माज्या. माती उचलायची येळ आली तर इणून काय उपेग?" तेव्हा हे काम मिळालं तर आई घरात विणत बसणार, नाही तर तिलाही मातीवर जावं लागणार, इतकं ते सरळ होतं. मी तेव्हा लग्नाच्या वयाची होते, विणायला आईच्या जोडीला बसायचे.

आधी नमुन्याची एक पाटी द्यायची होती. आता आमच्यात एक रीत होती. नव्या गिऱ्हाइकाची पहिली वस्तू लेक सासरी पाठवावी तशी पाठवायची. पातळ पाती, घट्ट वीण, काठाला लाल रंगाची दुहेरी वेणी. पुढचा माल मग कामापुरता, दणकट. गिऱ्हाईकही हे जाणून असायचं. पहिली वस्तू देव्हाऱ्यात नाही तर रुखवतात जायची, तिच्यात शेण कोण भरणार?

आईनं तशीच विणली. आई डावखुरी, त्यामुळे तिच्या काठाचा पीळ उलटा पडायचा. शंभरांत तिची पाटी ओळखू यायची. आप्पा ती धोतराच्या पानात गुंडाळून नगरला घेऊन गेले. तिथल्या सरकारी खरेदीच्या साहेबानं कौतुक केलं, पाटीला लाखेचा शिक्का मारला आणि कपाटात ठेवली. आप्पा मालाची मागणी घेऊन परत आले ते हवेतच. "आई जगदंबेनं बघितलं आपल्याकडं," म्हणाले.

मग आळीत कोयते चालू झाले. आम्ही जाड पात्यांच्या, बुडाला दुहेरी आडव्या पट्ट्या दिलेल्या पाट्या विणल्या. ओल्या मातीनं फाटू नयेत अशा. हाताची सालटी निघाली, पण मी आईला इतकी बोलती कधी पाहिली नव्हती. शेजारणींची थट्टा काय करायची, मला सासरी कुठं द्यायचं ते काय ठरवायची!

माल घेऊन मी आणि आप्पा सरकारी गोदामावर गेलो. साहेबानं कपाटातली पाटी काढली, आमची एक पाटी तिच्या शेजारी ठेवली. माणूस वाईट नव्हता. "हे नमुन्याबरहुकूम नाही हो," एवढंच म्हणाला.

आप्पा म्हणाले, "सायेब, ती तुमची होती. मानाची. ह्या मातीच्या हायेत. त्या तसल्या पाटीत माती भरली तर दोन दिवस टिकायची न्हाई."

"मला कळतंय. पण शिक्का त्या पाटीवर आहे. उद्या कोणी विचारलं तर माझी नोकरी जाईल."

सगळा माल नापास झाला. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. गोदामाबाहेर तो व्यापारी उभाच होता. माल परत न्यायला आमच्याकडं गाडीभाडंही नव्हतं, त्यानं मातीमोलानं सगळा उचलला. त्याचा नमुना पूर्वीच पास झालेला होता. आमच्याच आळीतली ओबडधोबड पाटी होती ती. इतकी वर्षं सरकारशी व्यवहार करून त्याला ठाऊक होतं काय द्यायचं ते. आम्हाला कोण सांगणार? हुकूम काढणाऱ्यानं आमचं भलंच चिंतलं असेल, पण आमच्या ओट्यावर येऊन घडीभर बसला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? मला अजून राग येतो. कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून जास्तच येतो.

आईनं कोयता माळवदाच्या सांदीत खोचला आणि आठवडाभरात आम्ही दोघी तलावाच्या कामावर गेलो. मुकादमानं पाट्यांच्या ढिगाकडं बोट दाखवलं. नवा माल आला होता. आईनं एक उचलली, काठावरून बोट फिरवलं. पीळ उलटा होता.

"ही माजी हाय," ती म्हणाली.

"सरकारची हाय, बाई," मुकादम म्हणाला. "सांजच्याला परत ठिवायची."

दिवसभर आईनं त्या पाटीतून माती वाहिली. मी मागं होते, मला तिचं तोंड दिसत नव्हतं, आणि बरंच झालं. संध्याकाळी तिनं पाटी उलटी करून झटकली आणि ढिगावर ठेवली.

पुढं पाऊसपाणी झालं, आई पुन्हा विणायला बसली. गिऱ्हाइकं आली, नवीही आली. पण पहिली पाटी निराळी विणायचं तिनं सोडलं ते सोडलंच.