खबर न देणारा दिवा

१९७३ च्या मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी, अक्कलकोट तालुक्यातल्या एका विहिरीत खोदकामासाठी दोन मजूर उतरले आणि गुदमरून मेले. ते सख्खे भाऊ होते. विहिरीचे काम आठ दिवस बंद होते. उतरण्यापूर्वी त्यांनी कपाळाला बांधायचा सरकारी बॅटरीचा दिवा दोरीने तळापर्यंत सोडून पाहिला. तो जळत राहिला, म्हणून ते उतरले.

असे होईल हे सोलापुरातल्या एका माणसाने तीन महिने आधी सांगितले होते. त्यांना सगळे बत्तीचाचा म्हणत. विजापूर वेशीजवळ त्यांचे गॅसबत्त्या आणि कंदील दुरुस्त करण्याचे दुकान होते. लग्नकार्याला ते बत्त्या भाड्यानेही देत.

चाचा भर दुपारी कपाळाला दिवा बांधून दुकानात बसत. विहिरी खोदणारे लोक त्यांच्याकडून डोक्यावरचे दिवे नेत, आणि स्वतःच्या डोक्यावर दोन-तीन तास वागवल्याशिवाय चाचा दिवा विकत नसत. तो बांधूनच ते वाकत, मान झटकत, जेवत. रस्त्यावरचे लोक विचारत, "काय चाचा, ऊन कमी पडलं का?" चाचा म्हणत, "उनात जो डोक्याला जड होत न्हाय, त्योच हिरीत चालतो." हात चिखलात बुडवून ते बटण दाबून बघत. विक्रेत्यांविषयी त्यांचे मत ठरलेले होते : "दुकानात सगळे दिवे सूर्याचे भाऊच असतेत."

विहिरी खोल करण्याचे काम ज्या कचेरीकडे होते, तिने फेब्रुवारीत चाचांना तीन दिवे दिले आणि त्यांतला चांगला कोणता ते विचारले. चाचा प्रत्येक दिवा बांधून चालू कामाच्या विहिरीत स्वतः उतरले. कार्बाइडच्या दिव्याचा उजेड चारी बाजूंना पसरत होता, पण ज्योत उघडी असल्याने तो सुरुंगाच्या दारूजवळ नेता येत नव्हता. पट्टीला बसवलेली छोटी टॉर्च हलकी होती, पण मान वळवली की समोरच्याचे डोळे दिपत आणि दुसऱ्या दिवशी सेल मंद होत. तिसऱ्या दिव्याची बॅटरी कमरेच्या पेटीत होती. पेटी जड होती, पण उजेड पाळी संपेपर्यंत एकसारखा राहिला आणि वरून पाणी पडले तरी दिवा बंद पडला नाही. चाचांनी पहिला नंबर त्याला दिला.

मात्र त्यांनी एक ओळ जास्त सांगितली. या भागात बंद विहिरीत कोणी उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. तळाशी खराब हवा असेल तर तो विझतो. मग कडुलिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून वरखाली करत हवा ढवळतात आणि कंदील पुन्हा सोडतात. ज्योत टिकली तरच माणूस उतरतो. बॅटरीचा दिवा कसल्याही हवेत जळतो. चाचांना मराठी बोलता येई, लिहिता येत नसे. त्यांनी कारकुनाला सांगितले, "लिवा. ह्या दिव्यानं हवा कळत न्हाय. आदी कंदील सोडावा."

कारकून म्हणाला, "चाचा, तक्त्यात उजेड, वजन, टिकाऊपणा, किंमत एवढंच आहे. हवेचा रकाना नाही."

"मग पाडा की. पट्टी हाय, पेन्सिल हाय."

"तक्ता वरून छापून आलाय."

"हिरी बी वरनंच छापून आल्या का हो?"

ती ओळ लिहिली गेली नाही. मार्चमध्ये नवे दिवे वाटले गेले. एका कामावर उजेडाची दोन साधने नकोत म्हणून नवा दिवा देताना भांडारपालाने जुना कंदील परत घेतला. हे कळल्यावर चाचा कचेरीत तीनदा गेले. तिसऱ्या वेळी ओव्हरसीयर म्हणाले, "कंदिलाचा धंदा बसेल म्हणून बोलताय तुम्ही." रागावले की चाचा दखनी उर्दूवर येत. ते म्हणाले, "साब, ये दिवा उजाला देता, खबर नै देता. लोगां इसकूच कंदील समजके छोडेंगे." ओव्हरसीयरांनी त्यांना बाहेर जायला सांगितले.

मे महिन्यात लोकांनी तेच केले. दोर धरणारा तिसरा मजूर चौकशीत म्हणाला, "सोडला की दिवा. इझला न्हाय. इझला असता तर कोन उतरतंय, साहेब?" कंदील कुठे होता, असे त्याला विचारण्यात आले. "तुमीच न्हेला की," तो म्हणाला. चौकशीचा निष्कर्ष असा : मजुरांनी हवेची तपासणी केली नाही.

दोघे भाऊ मेले त्या आठवड्यात चाचांनी दुकान बंद ठेवले. भाड्याचे कंदील पोत्यात भरून ते एस.टी.ने गेले आणि विहिरीगणिक एक कंदील ठेवून आले. कचेरीचा माणूस ते उचलायला आला तेव्हा चाचा एका विहिरीच्या काठावर बसले होते. "न्या की," ते म्हणाले, "पन आदी हितं खाली उतरून दावा." तो माणूस उतरला नाही. कंदील तिथेच राहिले.

चौकशीत चाचांनाही बोलावले होते. त्यांच्यापुढे तयार जबाब ठेवला होता : बॅटरीचा दिवा मीच पसंत केला. चाचांनी तो कारकुनाकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "खरं हाय. पन अर्धं हाय." त्यांनी कोरा कागद मागितला. कारकून लिहून घ्यायला पुढे झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातून टाक काढून घेतला. "दुसऱ्याच्या हातानं एकदा लिवून बगितलं," ते म्हणाले. त्यांनी पानभर उर्दूत लिहिले आणि खाली सही केली. तयार जबाबावर त्यांनी सही केली नाही.

चाचा १९७७ च्या हिवाळ्यात वारले. दोन वर्षांनी त्या चौकशीची फाइल मला पाहायला मिळाली. चाचांचा कागद तिच्यात आहे. वरच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने शेरा आहे : भाषांतर करून घ्यावे. भाषांतर फायलीत नाही.