पाठ करून मोजणाऱ्या नलिनीबेन

गाठी मोजायच्या दिवशी नलिनीबेन पिंजऱ्यांकडे पाठ करून बसत. त्यांचा मदतनीस मागून एकेक पांढरा उंदीर त्यांच्या हातात देई. कुठल्या पिंजऱ्यातला, ते सांगायचं नाही. त्या चिमट्यासारख्या मोजपट्टीने उंदराच्या कुशीतली गाठ मोजत आणि आकडा सांगत. काही उंदरांना कॅन्सरवरची नवी लस दिलेली असे, काहींना नुसतं मिठाचं पाणी. "कळलं तर मन त्याला हवं ते मोजतं, सुमन," त्या म्हणत. "मनाला दाराबाहेर बसवायचं."

मी त्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला होते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे तिथे तोंड उघडायची भीती वाटे. नलिनीबेन घरच्या मराठीच, पण जन्म बडोद्यातला, म्हणून सगळे त्यांना बेन म्हणत. दुपारी त्या माझ्या मोरीपाशी स्टूल ओढून चहा पीत. खिडकीतल्या कडुलिंबाची सावली धुतलेल्या बाटल्यांवर हलत असे, आतून उंदरांची खुडबुड ऐकू येई, आणि त्या अर्धवट झोपेत असल्यासारख्या बोलत. गाठ आपल्याच अंगातली, म्हणून अंगातले पहारेकरी तिला हटकत नाहीत. तिला ओळखायला त्यांना शिकवायचं. मी ऐकत असे आणि बाटल्यांमध्ये हिरवा उजेड साठत जाई.

माझी थोरली बहीण अक्का बडोद्यातच, पाणीगेटला ब्लाउज शिवायची. तिच्या छातीतली गाठ कापून काढली होती, ती परत आली आणि पसरली. दवाखान्याने घरी पाठवलं. तेव्हा मी धीर करून नलिनीबेनना म्हटलं, "उंदरांना देता त्यातली थोडी अक्काला द्या ना."

त्यांनी माझा वाहता नळ बंद केला. मग त्या म्हणाल्या, "माणसाला देण्यासारखी ती अजून झालेली नाही. तिच्या अंगात जाऊन काय करेल, मला ठाऊक नाही."

"नाहीतरी ती जाणारच आहे."

"हा ने, खरं आहे. पण ठाऊक नसलेली गोष्ट औषध म्हणून मी देणार नाही."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रविवारी त्या स्कूटरवरून खमण घेऊन आमच्या घरी आल्या आणि अक्काच्या गादीजवळ जमिनीवर बसल्या.

"तुमच्या लशीत असतं तरी काय?" अक्काने विचारलं.

"तुम्ही ब्लाउजचं कागदी कटिंग ठेवता ना? तसं. आम्ही फक्त कागद देतो. त्यावरून अंग स्वतःच गाठीचा एक तुकडा शिवतं, आणि पहारेकरी त्यावर शिकतात."

"म्हणजे शिवणाऱ्याची मजुरी वाचली," अक्का म्हणाली. "आणि नंबर आधी उंदरांचा. त्यांचा वशिला मोठा दिसतो."

नलिनीबेन खूप हसल्या. मग त्या दर रविवारी येऊ लागल्या. अक्का आधी उंदरांची खुशाली विचारी. "बघू ने," त्या म्हणत. अक्का डोळे मिटून पडे. म्हणे, मला स्वप्नात पांढरे उंदीर शिवणाच्या मशीनवर बसलेले दिसतात. मला मात्र कळत होतं की ती उंदरांच्या निकालाची वाट बघतेय.

थंडी सरताना प्रयोग संपला. त्या रविवारी खमण नव्हतं. नलिनीबेन बसल्या आणि म्हणाल्या, "ज्यांना गाठीच्या आधी लस दिली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना गाठ उशिरा आली. काहींना आलीच नाही. ज्यांना आधीच गाठ होती, त्यांना फरक पडला नाही."

अक्का म्हणाली, "म्हणजे माझ्या उपयोगाची नव्हती."

"नाही."

"मी बरी होणार नाही, बेन?"

मी चहाचे कप घेऊन दारातच थांबले. आम्ही सगळे इतके दिवस तिला "होशील गं बरी" म्हणत होतो.

"नाही, अक्का," नलिनीबेन म्हणाल्या आणि तिचा हात हातात घेतला.

अक्का रडली नाही. जड पिशवी खाली ठेवावी तसा तिने श्वास सोडला. मग मला म्हणाली, "चहा आण, निवेल." त्या दुपारी पहिल्यांदाच तिने मशीन कुणाला द्यायचं, कुठली साडी नेसवायची, ते सांगितलं. आईची आठवण काढली. पडद्यातून ऊन सरकत होतं आणि आम्ही तिघी त्यात तरंगत असल्यासारख्या बसलो होतो.

होळीच्या आधी अक्का गेली. नलिनीबेन पुढे दुसऱ्या गावी कामाला गेल्या. त्यांची लस कुठवर पोचली, मला कळलं नाही. पण आता कुणा आजाऱ्याने "मी बरा होईन ना?" असं विचारलं, की चटकन "हो" म्हणायला उघडलेलं तोंड मी मिटते. त्याच्याजवळ बसते आणि त्याला पुढचं विचारू देते.