धोंडूची बोंब

सकाळची पोलादपूरची मोटार महाडात शिरली की तिचा ड्रायव्हर आमच्या शाळेपाशी भोंगा वाजवतो आणि वरच्या खेड्यांतले निरोप ओरडून सांगतो. माघातल्या त्या सकाळी भोंगा वाजला नाही. तो खाली उतरला, टोपी हातात घेतली आणि वर्गाच्या दाराशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, धोंडू गावकर गेला..." मला आधी रडू आलं नाही, राग आला. धोंडूची बातमी, आणि ती अशी कुजबुजत सांगायची?

कारण धोंडू म्हणजे आवाज. लहानपणी तो मामाकडे राहून महाडच्या शाळेत माझ्या शेजारी बसायचा. पाढे म्हणायला लागला की गुरुजी त्याला अंगणात उभा करत, कारण वर्गात बाकीच्यांचे पाढे ऐकू येत नसत. पुढे तो मुंबईला गोदीत लागला, आणि वडील वारल्यावर परत येऊन कशेडीच्या पायथ्याच्या आपल्या वाडीत गावकर झाला. म्हणजे सणासुदीची व्यवस्था पाहायची, तंटे मिटवायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. हे शेवटचं काम त्याला मनापासून आवडायचं. बाजाराला महाडात आला की माझ्याकडे जेवायचा आणि कुणी त्याला काय काय म्हटलं ते चवीने सांगायचा. हसता हसता ठसका लागायचा, मग मी पाठीत धपाटे घालायचे.

एकदाच तो न हसता आला. तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या, अस्पृश्य मानलेल्या माणसांवर आमच्या महाडचे लोक काठ्या घेऊन धावून गेले, तो दिवस. ते आता देवळात शिरणार असं कुणीतरी पसरवलं होतं. धोंडू नेमका बाजारात होता. संध्याकाळी माझ्या ओसरीवर बसला आणि पुढ्यातल्या ताटाला त्याने हातही लावला नाही. म्हणाला, "ज्याला त्याला विचारलं रे, तुला कुनी सांगितलं? जो तो मागच्याकडं बोट दाखवी. मागं मागं जात गेलो. पयला सांगनारा गावलाच नाय." मी शिकलेला माणूस, मी बरंच काही बोललो. त्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कानात सांगितलेलं मोठ्यानं सांगायला लावलं पायजे."

आणि त्यासाठी त्याने काय धरावं, तर शिमगा! आमच्याकडे होळीभोवती बोंबा मारतात हे काय सांगायला हवं. पण धोंडूच्या वाडीचा एक जुना रिवाज होता, नि तो बराचसा मोडीत निघाला होता. वर्षभर मनात सलत असेल ते होळीवर नाव घेऊन ओरडायचं. ज्याचं नाव निघेल त्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, चूक असेल तर नारळ द्यायचा, आणि होळीचं जळतं झाड दोराने ओढून पाडलं की तो विषय संपला. लोक या रिवाजाचा उपयोग सासऱ्याची दाढी नाही तर शेजाऱ्याचा बैल, एवढ्यापुरताच करत होते. धोंडूने तो झाडून-पुसून पुन्हा कामाला लावला. पहिली बोंब स्वतःच्याच नावानं मारून घेतली... पाणंद दुरुस्त न करणाऱ्या गावकराच्या नावानं!

खरी कसोटी लागली ती मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली त्या वर्षी. धोंडूचा पुतण्या गणपत गिरणीतून परत आला तो हाताला पट्टी बांधून आणि डोक्यात नाही नाही ते भरून. वाडीला लागून ओढ्यापलीकडे मुसलमानांचा मोहल्ला आहे. आगबोटीवरची नोकरी सोडून आलेले इब्राहिमचाचा तिथे दुकान चालवत, आणि सगळी वाडी मीठमिरची त्यांच्याकडूनच आणत असे. गणपत रोज पारावर पोरं जमवायचा. "चाचाकडं महाडातनं पोती आलीत. आत लोखंड वाजतंय. सुरे हायत सुरे." काठ्यांना तेल लागलं. पलीकडेही माणसं दारं लवकर लावू लागली.

धोंडू एक दिवस पारावर गेला. "गणपत, हे होळीवर मोठ्यानं सांगशील?"

"सांगीन की. भितो काय?"

"मग तवर गप ऱ्हा."

तिथून तो थेट दुकानात. "इब्राहिम, औंदा होळीवर या सगळी."

"कशाला? मार खायाला?"

"बोंब मारायला."

"आमच्यात नाय मारीत कुनी."

"मग ऐकायला ये. मारायची का नाय ते तिथं ठरव."

हे मला कळलं तेव्हा मी त्याला निरोप धाडला की, तुला वेड लागलंय. त्याने उलट निरोप धाडला की, बघायला ये.

मी गेलो. दिवेलागणीची वेळ होती. ओढ्याकाठी, पलीकडच्या मशिदीसमोरच, सावरीचं उंच झाड मधोमध उभं, बुंध्याशी गवत नि लाकडं रचलेली. एका बाजूला वाडी, दुसऱ्या बाजूला मोहल्ला, आणि काठ्या दोन्हीकडे. होळी पेटली. "गणपत," धोंडू म्हणाला, "मार की." पारावर गडगडणारा गणपतचा आवाज इथे अगदी बारीक निघाला. "इब्राहिमचाचाच्या... पोत्यातल्या सुऱ्यांच्या नावानं..."

चाचांनी घरून एक पोतं आणवलं, सगळ्यांसमोर उघडलं आणि आतून काढला लहान पोराएवढा झारा. त्याच्यामागून डेगीचं झाकण, पळ्या, कालथे. "पोरीचं लगीन हाय रे! जेवणाची भांडी आनलीत महाडातनं. याच्यानं गळा कसा कापतात ते तूच दाव मला!" आधी एक म्हातारी खुदकन हसली, मग सगळी वाडी. गणपत मान खाली घालून नारळ आणायला गेला.

पण चाचा थांबले नाहीत. त्यांनी हात तोंडाशी नेला. सवय नव्हती, पहिला आवाज घसा खाकरल्यासारखा आला. "आमच्या मशिदीवर होळी पाडनाऱ्यांच्या नावानं..."

हसू थांबलं. जळती होळी या वेळी मुद्दाम आपल्याकडे पाडणार, असं तिकडे पसरलं होतं. उत्तर गावकराने द्यायचं. धोंडू म्हणाला, "आसं कुनी ठरवलं नाय. पन तुमाला येऊन सांगायला पायजे होतं. ते मी केलं नाय. चुकलो." नारळ दिला आणि झाडाला बांधलेला दोर चाचांच्या पोरांच्या हातात ठेवला. "तुमीच पाडा."

आता त्या पोरांनी होळी कधी पाडलेली नव्हती! मशिदीपासून लांब पडावी म्हणून त्यांनी जीव खाऊन ओढली, आणि ती जळती होळी पडली ती थेट धोंडूच्या पेंढ्याच्या उडवीवर. मग काय विचारता... वाडी धावली, मोहल्ला धावला, काठ्यांनी पेंढा ओढला, घागरीवर घागरी रिकाम्या झाल्या, आणि चाचा तो झारा घेऊन निखारे उडवत होते. विझली तेव्हा कोण कुठला हे ओळखू येत नव्हतं, सगळ्यांची तोंडं काळी. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून धोंडूच्या बायकोची, लक्ष्मीवहिनींची, बोंब आली. "माझ्या गुरांची वैरन जाळनाऱ्या गावकराच्या नावानं!" बाईमाणसाने होळीवर मारलेली ती पहिली बोंब. धोंडू काळ्या तोंडाने नारळ घेऊन बायकोसमोर उभा राहिला, आणि हसताना त्याला असा ठसका लागला की धपाटे घालायला माझ्याबरोबर चाचाही आले.

त्यानंतर मोहल्ला दर वर्षी येतो. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. वाडीची विहीर महारवाड्याला मोकळी करा, ही बोंब धोंडूने स्वतः मारली, वर्षामागून वर्षं मारली, आणि गावाने दर वर्षी नारळ देऊन विषय संपवला. ते त्याला लागत असे. "नारळ खाऊन खाऊन प्वाट बिघडलं रे," म्हणायचा. पण कुजबुजीवर काठी उचलणं मात्र वाडीत बंद झालं.

धोंडू गेला थंडीतापाने, पहाटे. वाडीने घाईघाईने सगळं उरकलं, मोहल्ल्याला कळलं ते चिता पेटल्यावर. मग मोहल्ल्यात कुजबूज सुरू झाली... मुद्दाम कळवलं नाही, आपण खांदा द्यायला नको होतो, तो होता तोवर ठीक होतं. चाचा वाडीत येईनात. गणपत दुकानात जाईना.

औंदाच्या होळीला मी गेलो तो धाकधूक मनात घेऊनच. मोहल्ला आला, पण जरा लांब उभा राहिला. बैलांच्या, दाढ्यांच्या बोंबा झाल्या. मग इब्राहिमचाचा पुढे आले. आता म्हातारे झालेत, पण आवाज चांगला लागला. "माझ्या दोस्ताला माती द्यायला मला न बोलावनाऱ्यांच्या नावानं..."

गणपत पुढे झाला. म्हणाला, "चाचा, मी निघालो होतो तुमच्याकडं. वढ्यापर्यंत आलो. पाय उचलंना. तुमाला सांगितलं आसतं, तर काका खराच गेला आसता..."

चाचांनी त्याला जवळ ओढलं. बराच वेळ तो त्यांच्या खांद्यावर हमसत होता. मग त्याने दिलेला नारळ चाचांनी त्यालाच परत दिला. "काकीला दे. आनि सांग, आमी सगळे येतो."

होळी पडल्यावर सगळे वहिनींकडे गेले. धोंडूची ओटी मुळात लहान, त्यात वाडी आणि मोहल्ला. वहिनींनी चहाचं आधण ठेवलं आणि आतून ओरडून विचारलं, किती जण आहात? बाहेरून सगळ्यांनी एकदम वेगवेगळी उत्तरं दिली. मी उंबऱ्याशी अंग चोरून बसलो. धोंडूची खांबाजवळची जागा मोकळी ठेवावी असं मला फार वाटत होतं. ते काही जमलं नाही. तिथे चाचा आणि गणपत एकमेकांना खेटून बसले होते, कारण दुसरीकडे कुठे जागाच नव्हती.